परक्या लेकराची गोधडी

ब्लाउजपीस टेबलावर पसरायचा, खडूने पाठ, कटोऱ्या, बाह्या, पट्ट्या आखायच्या आणि कात्री चालवायची. शेवटी उरतात ते मुंढ्याजवळचे वाकडे तुकडे, बाहीच्या कडेची निमुळती पट्टी आणि गळ्यातून निघालेली चंद्रकोर. याला आम्ही कातरण म्हणतो. नाशिकला पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर माझा शिवणक्लास आहे. टेबलाखालच्या पोत्यात कातरण साठत जाते आणि तिच्या लहान लहान गोधड्या शिवून आम्ही देतो. काही सरकारी दवाखान्यात जातात, माहेरचे कोणी पाठीशी नसलेल्या बाळंतिणींना. काही दिंडोरी-निफाडकडे जातात, थंडीत ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांमधल्या लेकरांना.

बघायला येणारे म्हणतात, "आजीच्या काळची परंपरा चालवताय." ऐकून बरे वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. गोधडी जुनी आहे, कातरणीची गोधडी तेवढी जुनी नाही. आणि ज्याची आपली ओळखही नाही त्याच्यासाठी गोधडी शिवायची, याचा इतिहास घरच्या गोधडीहून अगदी निराळा आहे. त्यात दान आहे तसा अपमानही आहे. क्लासमधल्या मुलींना धावदोरा शिकवताना मी हे तुकड्यातुकड्याने सांगत असते. इथे ते एकत्र लिहिते.

आधी कातरणीचे. शिंप्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. संत नामदेव 1270 साली जन्मले ते शिंप्याच्याच घरात. तरी साध्या घरात कात्रीला फारसे काम नसे. बाईचे लुगडे, पुरुषाचे धोतर, उपरणे, पागोटे, सगळे मागावरून उतरले की तसेच नेसायचे किंवा गुंडाळायचे. कात्री लागायची ती चोळीला, बंडीला, बाराबंदीला, पोरांच्या अंगड्या-टोपड्यांना. खणाची चोळी तर अशी बेतायची की काखेतल्या ठिकरीपर्यंत सगळा खण कामी यावा. मग तुकडे उरणार कुठून? त्यामुळे जुनी गोधडी तुकड्यांची नसे, ती विरलेल्या सबंध कापडांची असे. वर जी ठिगळे दिसत ती नक्षी म्हणून लावलेली नसत. तिथे कापड खरोखर फाटलेले असे.

माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, निफाड तालुक्यातल्या. गोधडी मी त्यांच्याकडून शिकले. नऊवारी लुगडे सगळीकडून सारखे झिजत नाही. ते विरते बसण्याच्या जागी आणि काष्ट्याच्या ताणावर. काठ आणि पदर शेवटपर्यंत शाबूत राहतात. आत्याबाई लुगडे उजेडात धरत आणि आरपार दिसेल तिथे कोळशाची खूण करत. नऊ वारांचे चार पट्टे निघतात, एकेक पुरुषभर लांबीचा. दोन तळाला, दोन वर, आणि मध्ये धोतरांची, पंचांची, आणखी विरलेल्या जुनेरांची भरती. भरतीच्या कापडाला रूपरंग नको, फक्त ते सुती आणि धुतलेले हवे. खुणेच्या जागी आतून दुहेरी तुकडा जाई.

शिवणकाम निघायचे होळीनंतर. रब्बीचे धान्य घरात आलेले, पापड-कुरडया उरकलेल्या, पाऊस लांब. सारवलेल्या अंगणात कापडे अंथरायची, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर दगड ठेवायचे, कच्चा दोरा घालून थर बांधून घ्यायचे आणि मग चारी बाजूंना चौघींनी बसायचे. धावदोरा कडेने सुरू होतो. एक फेरी झाली की बोटभर आत सरकायचे, पुन्हा फेरी. चौकटीत चौकट, चौकटीत चौकट, असे करत मध्यापर्यंत यायचे. शेवटी हात पोचेनासे होतात, तेव्हा गोधडीवरच मांडी घालून शिवायचे. आत्याबाईंचे सगळे लक्ष दोऱ्याच्या ताणावर. टाका ओढून घेतला की गोधडी आखडते, तिला चुण्या पडतात आणि त्या चुण्या रात्री पाठीला टोचतात. सैल सोडला की पहिल्या धुण्यात भरती एका बाजूला जमा होते. "दोरा ओढायचा नाही, नुसता बसवायचा," असे त्या म्हणत, आणि उलटी बाजू पाहिल्याशिवाय कुणाचेही काम पास करत नसत.

नवरात्राच्या आधी गावातल्या सगळ्या गोधड्या कादवा नदीवर धुवायला जात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, पिळायला दोघी लागतात आणि वाळायला खडकावर दोन उन्हे. किती थर घालायचे याचा हिशेब उबेवरून कमी आणि या धुण्यावरून जास्त होत असे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

कातरण घरोघरी आली ती शिवणयंत्राबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी यंत्रे आली, 1930 च्या दशकात देशी 'उषा' निघाली. त्याच सुमारास चोळी मागे पडून ब्लाउज आला, पोरींना परकर-पोलके, पोरांना सदरा-चड्डी. आणि शिवण ही बाईची कमाई झाली. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन उभे केले, तिथे शिवणाचे वर्ग होते. एकट्या पडलेल्या बाईला यंत्र घेऊन द्या म्हणजे ती चार घास मिळवील, हा विचार तेव्हापासून गावोगावच्या महिला मंडळांत रुजला. माझा क्लासही त्याच विचारातून निघालेला आहे. यंत्राच्या पायाशी तुकडे पडू लागले आणि गोधडीच्या वरच्या थराला रंग चढला. आज दिवाळी अंकांच्या चित्रांत दिसते ती चौकोनी, तिकोनी तुकड्यांची गोधडी शिवणयंत्राच्या मागोमाग आलेली आहे. म्हणून तिची किंमत कमी होत नाही. उलट, फेकून देण्याजोगे तुकडे पहिल्यांदाच घराघरात तयार होऊ लागले, तेव्हाही बायकांनी ते फेकले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

मध्ये टंचाईचा काळही येऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासे झाले, 1943 मध्ये सरकारने कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणले, लोकांनी ठरावीक भावाच्या जाड्याभरड्या कापडासाठी रांगा लावल्या. त्या वर्षांत आत्याबाईंच्या सासरी गोधडी उसवून तिच्या पोटातल्या धोतराचा चांगला भाग काढून पोराची बंडी शिवली होती. गोधडीतून पुन्हा कपडा काढायचा, हा उलटा प्रवास मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

मग बोहारीण आली. बोहारणी आधीही होत्या, पण स्टेनलेस स्टीलची भांडी बाजारात आली तशी त्यांची टोपली भारी झाली. चार जुनी पातळे द्या आणि चकचकीत डबा घ्या. ज्या घरात पितळेला कल्हई लावून जीव मेटाकुटीला आला होता, तिथे हा सौदा वाईट नव्हता. पण गोधडीच्या तोंडचे कापड गेले. उरले ते नायलॉन आणि टेरिलीन. त्याला सुई नीट धरत नाही, ते घाम टिपत नाही, अंगावरून घसरते. सोलापूरची चादर आणि रंगीत ब्लँकेट दुकानात मिळू लागले. वीसपंचवीस वर्षांत गोधडी माळ्यावर गेली. तरुणांना तिची लाज वाटू लागली म्हणून ती गेली असे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. आधी तिचा कच्चा माल गेला, लाज नंतर आली.

आता दानाकडे येते. इथे मला बरेच मागे जायचे आहे आणि सुदैवाने फार लांब जायचे नाही. नाशिकच्या मुंबई रस्त्यावर त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सालाची नोंद 42. अभ्यासक ते शक संवत मानून इ. स. 120 च्या आसपास धरतात. उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत 3,000 कार्षापणांचा कायमचा निधी ठेवला. ठेवला कुठे, तर गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन आजही नाशिकजवळ आहे. एका श्रेणीकडे 2,000, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1,000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून बघा : 2,000 वर महिना 20, वर्षाला 240, आणि वीस जणांना बारा म्हणजे बरोबर 240. एक कवडी इकडेतिकडे नाही. हे सगळे निगमसभेत जाहीर करून नोंदवल्याचेही लेखात आहे.

मी मुलींना दरवर्षी तिथे नेते आणि हा लेख दाखवते. अक्षरे ब्राह्मी, त्यामुळे वाचता येत नाहीत, पण भिंतीवर हात न लावता जवळून बघता येतात. त्यांना एवढेच सांगते, की आपल्या गावात कापडाच्या दानाची सगळ्यांत जुनी नोंद ही आहे आणि त्यात जुने कापड नाही. देणाऱ्याने घरातले नको झालेले उचलून दिलेले नाही; घेणारे किती, त्यांना केव्हा लागणार, किती लागणार, हे मोजून दिले आहे.

घेणाऱ्यांची बाजू तर याहून थोर आहे. भिक्षूंनी मुळात पांसुकूल नेसायचे, म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकलेली फडकी गोळा करून, धुऊन, रंगवून, जोडून केलेले वस्त्र. विनयपिटकात एक प्रसंग आहे. दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धांना मगधाची शेते दिसतात, बांधांनी आखलेली, लांब पट्ट्यांची, चौकोनांची. ते आपला शिष्य आनंद याला विचारतात, भिक्षूंची चीवरे अशी करता येतील का? आनंद तसे शिवून दाखवतो. कापड मुद्दाम कापून जोडल्याने त्याचा बाजारभाव उतरतो आणि चोराला त्याची हाव सुटत नाही, हेही कारण तिथे दिलेले आहे. शिवण जाणणाऱ्या माणसाला यातला आनंद वेगळाच कळतो. पट्टी, आडवी पट्टी, मधला खंड, कडेची किनार : प्रत्येक भागाला तिथे नाव आहे. इतक्या जुन्या काळात कुणीतरी बेतण्याचा नियम घालून ठेवला होता.

आणखी एक गोष्ट आनंदाचीच. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला ते खटकले. हा काय कापडाचे दुकान मांडणार? त्याने आनंदाला गाठून विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटीन. जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींचे? गादीचे अभ्रे. त्यांचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांची? पायपुसणी. त्यांची? झटकण्याची फडकी. आणि तीही झिजली की बारीक कुटून, चिखलात कालवून त्याचा गिलावा. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे दिली. दान देणाऱ्याने हिशेब विचारला, घेणाऱ्याने तो शेवटच्या धाग्यापर्यंत दिला, आणि यात दोघांनाही कमीपणा वाटला नाही.

पण नेमके स्मशानातलेच कापड आपल्या गावगाड्यात काय झाले ते पाहा. मनुस्मृतीत चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. बलुतेदारीत मढ्यावरचे कापड महारांचा 'हक्क' म्हणून गणले जाई. भिक्षू ते फडके आपण होऊन उचलत होता; इथे ते माणसाच्या माथी मारले गेले. कापड तेच. एकाचे ते व्रत, दुसऱ्याची ती बेडी. वाड्यांतून आणि मळ्यांतून खाली येणारी उतरणही याच जातीची. पातळ आधी धाकट्या जावेला, मग मोलकरणीला, मग सालगड्याच्या घरी, आणि गोधडी सगळ्यांत शेवटी, तिच्यात भोके पडल्यावर. देणाऱ्याला वाटे आपण दिले. घेणाऱ्याला मात्र कुणाच्या अंगावरचे आपल्या अंगावर आले, हे रोज आठवत राही.

1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांसमोर वेगळे भाषण केले. जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची तऱ्हा सोडा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. कापडाचा प्रश्न हा इभ्रतीचा प्रश्न आहे, हे त्यांच्याइतके नेमके कुणी ओळखले नसेल. आमच्या क्लासपासून चालत जाण्याच्या अंतरावर, काळाराम मंदिराच्या दारात, 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला तो पुढे काही वर्षे चालला. त्या सत्याग्रहात उतरलेल्या घरांतल्या नाती-पणत्या माझ्याकडे शिवण शिकून गेल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीने मला फार पूर्वी विचारले होते, "मॅडम, आपण ही गोधडी देतो ती उतरणच ना?" त्या प्रश्नावर मी अजूनही विचार करते. गोधडी देण्याचे आमचे सगळे नियम त्या प्रश्नातून निघाले आहेत.

गाडगेबाबांचे उदाहरण मी तिला दिले होते, कारण तेही नाशिकला परके नाहीत. गोदेवर त्यांच्या नावाचा पूल आहे, त्यांची धर्मशाळा आहे. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावला जन्मलेले डेबूजी अंगात रंगीबेरंगी चिंध्या जोडून केलेला अंगरखा घालत. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. कीर्तनाला लाखो जमत, देणग्या येत, पण त्यांनी स्वतःसाठी चिंध्याच ठेवल्या. दुसऱ्याला द्यायचे मात्र चांगले, धड, अख्खे. नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई इथल्या त्यांच्या धर्मशाळा पक्क्या बांधणीच्या आहेत. चिंधी आपल्या अंगावर आणि अख्खे कापड पुढच्याच्या, हा क्रम त्यांनी 1956 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत पाळला.

संकटाच्या वेळी हा क्रम उलटतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात हजारो माणसे गेली. महाराष्ट्रभर मदत गोळा झाली, आमच्या भागातही एका शाळेच्या हॉलमध्ये कपडे जमवले होते आणि मी ते निवडायला गेले होते. ढिगात काय नव्हते? टिकल्यांचा घागरा, एका पायाचा मोजा, चेन तुटलेल्या पँटी, न धुतलेल्या उशांचे अभ्रे. लोकांच्या मनात कळकळ होती, यात शंका नाही. पण घर पडलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या बाईने त्या ढिगातून काय उचलायचे? 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत असेच झाले. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. 1999 मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेने ते उचलले, निवडले आणि कामी लावले. वापरण्याजोगे न राहिलेल्या कापडाच्या गोधड्या-गाद्या गूंज शिवून घेते आणि कपडे फुकट वाटण्याऐवजी गावाने केलेल्या श्रमाचा मोबदला म्हणून देते. 2015 चा मॅगसेसे पुरस्कार अंशू गुप्तांना मिळाला.

यंत्राने चिंधीचे दान केले त्याचीही हकिकत आहे, आणि तिचे ठिकाण मराठी माणसाच्या काळजातले आहे : पानिपत. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या बॅटली गावी 1813 च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत कातण्याची रीत काढली. ते कापड म्हणजे शॉडी. पुढे हा धंदा इटलीतल्या प्रातोत आणि मग पानिपतला गेला. थंड देशांत टाकून दिलेले कोट आणि स्वेटर गाठी बांधून येतात. बायका विळीसारख्या पात्यावर बटणे, चेन, अस्तर कापून काढतात, रंगावार ढीग लावतात, यंत्र त्यांचा पुन्हा तंतू करते. भूकंप, पूर, युद्ध, कुठेही संकट आले की वाटली जाणारी करडी ब्लँकेटे कित्येक वर्षे बहुतांशी या पानिपतातून जात होती. आता पॉलिएस्टरच्या फ्लीसने तो बाजार बराच खाल्ला आहे. शॉडीचे ब्लँकेट मी हातात घेतले आहे. टोचते, वास येतो, पण ओल्या जमिनीवर अंथरले तरी ऊब देते. त्याला नावे ठेवणे मला जमत नाही.

आता आमची रीत सांगते. कातरण आली की आधी निवड. प्रत्येक तुकड्याचा एक धागा ओढून मेणबत्तीवर धरायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिएस्टर आखडते आणि काळी गोळी बनते. गोळी झाली की तो तुकडा गोधडीत जात नाही, त्याची पायपुसणी होतात. टू बाय टू रुबिया उत्तम, पॉपलीन चांगले, वायल सगळ्यांत मऊ. जरी नाही, टिकली नाही, हूक नाही. नव्या कापडाला खळ असते, म्हणून गरम पाण्यातून दोनदा काढायचे. लाल आणि राणी रंग वेगळे भिजवायचे, कारण ते फुटतात. मग तुकडे चौकोनी करून यंत्रावर जोडायचे. मुंढ्याजवळच्या वाकड्या तुकड्यांचे चौकोन होत नाहीत, त्यांचे त्रिकोण होतात आणि ते कोपऱ्यांना जातात. ही युक्ती आमची नव्हे. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका, ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते, आपल्या कवांदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांना असे तिकोनी तुकडे लावतात. त्यांना त्या 'फुला' म्हणतात, आणि फुला नसतील तर गोधडी उघडी राहिली असे मानतात.

बाळाची गोधडी तीन फूट बाय अडीच फूट, तीन थरांची. वर कातरण, मध्ये जुना पंचा, आणि बाळाच्या अंगाला लागणारी बाजू एकाच सलग वायलची, तिच्यात जोड नको. नवजात कातडीवर जोडाची शिवण रात्रभर रुतली की सकाळी लाल वळ दिसतो. हे दवाखान्यातल्या एका आयाबाईंनी दाखवून दिले. थर हातानेच शिवायचे. यंत्राखाली वरचा थर पुढे सरकतो आणि चुण्या येतात. कड झाली की मी उलटी बाजू बघते, आत्याबाई बघत तशीच. धुऊन, घडी घालून, कागदात गुंडाळून मगच द्यायची, आणि बाळंतिणीला दोनतीन गोधड्यांतून निवडू द्यायची. हातात कोंबायची नाही. बाळंतविड्यात दुपटे, कुंची, झबले येते तेव्हा माहेर लेकीला विचारते, तुला कोणता रंग आवडतो म्हणून. तो प्रश्न इथेही विचारला गेला पाहिजे. त्या मुलीने मला उतरणीबद्दल विचारले होते तेव्हा मी द्यायला हवे होते ते उत्तर हेच, आणि ते देण्याजोगे होण्यासाठी हे सारे नियम लागले.

ऊसतोडीच्या गोधड्यांचे गणित वेगळे. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. राज्यातले नीचांकी तापमान कितीदा तिथलेच असते. पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्यांत, भिजलेल्या शेतात, पहाटे कोयते उचलायच्या वेळी लेकरे जमिनीवर झोपलेली असतात. आम्ही सुरुवातीला पाच थरांच्या जाड गोधड्या नेत होतो. मुकादमाच्या बाईने तोंडावर सांगितले, "ताई, ह्या चांगल्या हायेत, पण वाळायच्या कुटं?" फडावर दोरी नाही, खडक नाही, दिवसभर माणूस घरी नाही. एकदा ओली झाली की चार दिवस ओलीच. आता एका जाड गोधडीच्या जागी दोन पातळ नेतो, तीन तीन थरांच्या. एक अंगाखाली, एक अंगावर. एक ओली असली तरी दुसरी कोरडी. तळाला गडद रंग, कारण चुलीचा धूर आणि शेताची माती.

तिथल्या बायका बहुतेक बीडकडच्या, आणि गोधडी त्यांना माझ्या मुलींपेक्षा चांगली येते. एकीने माझ्या हातातली गोधडी उलटी करून टाके मोजले, मान डोलवली आणि म्हणाली, "आमाला शिवायला येतं. कापड आणि दोरा द्या, बास." म्हणून गेल्या काही हंगामांपासून दोन्ही जाते. लेकरांसाठी शिवलेल्या गोधड्या, आणि बायकांसाठी निवडलेली, धुतलेली कातरण, रंगावार गड्डे बांधून. सोबत सहा पदरी दोऱ्याची रिळे, एक कात्री आणि सुया. सुया जरा जास्तच घालतो, कारण पाचटात पडलेली सुई पुन्हा सापडत नाही.